पंधरा मिनिटांची बचत

तेजल कांजूरमार्गच्या घरी बसून एका इंटिरियरवाल्यांसाठी थ्रीडी चित्रं करायची. एकेका चित्राला कॉम्प्युटर तासभर घ्यायचा, त्यामुळे तिचं जेवण रोज थंडगार. शेवटी तिच्या नवऱ्याने, प्रितमने, प्रोसेसरचा वेग वाढवायचं मनावर घेतलं.

नेटवर सगळे एकच सांगत होते: वेग थोडाथोडा वाढवा, चाचणी घ्या, तापमान बघत राहा. आठ दिवस तो पहाटे उठून तेच करत होता. कधी स्क्रीन निळी पडायची, कधी मशीन आपोआप बंद. नवा पंखा बसवला, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट दोनदा पुसून लावली, वर बोट कापून घेतलं.

"वाट लागेल त्याची. राहू दे ना रे," तेजल म्हणाली.

"एक वेळ तरी एकत्र जेवायचंय मला," तो वैतागून म्हणाला.

नवव्या दिवशी तासाचं काम पंचेचाळीस मिनिटांत झालं. संध्याकाळी ऑफिसातून आल्या आल्या प्रितमने भाकऱ्या गरम केल्या, दोन ताटं वाढली आणि तिला हाक मारली.

 

"तू घे जेवून," स्क्रीनवरून नजर न काढता ती म्हणाली, "काम लवकर होतंय म्हटल्यावर सरांनी आजपासून दोन चित्रं वाढवलीत."