तीन वाजताची टेस्टिंग

“हॅलो, टेस्टिंग. एक, दोन, तीन. आवाज येऊन राह्यला का?”

“येऊन राह्यला.” अर्ध्या सेकंदानं तोच आवाज पुन्हा, जरा लांबून आला. “येऊन राह्यला.”

“इको हाय,” रूपराव म्हणाले आणि वहीत खूण केली.

सिंदीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं लाइनी तपासल्या होत्या. आता नोकरी संपली होती, वही संपली नव्हती. रोज दुपारी तीनला ते घरच्या कॉम्प्युटरसमोर हेडफोन चढवून बसत. तिकडे आष्टीला, आपल्या भावाच्या घरी, त्यांच्या पत्नी देवकाबाई बसत.

फुकटात इंटरनेटवरून बोलायची सात सॉफ्टवेअरं तपासायची होती. त्यांची मुलगी अंकिता जर्मनीत नोकरीला. तिच्या कंपनीत मोबाइल बाहेरच ठेवायला लावतात, कॉम्प्युटरवरून मात्र बोलता येतं, तर त्यातलं एक चांगलं पाहून ठेवा, असा निरोप देवकाबाईंनी आष्टीहून धाडला होता. रुसून गेल्यानंतरचा तो त्यांचा पहिला निरोप. रूपरावांनी लगेच काम हातात घेतलं. अंकिताला मात्र काही विचारलं नाही. लाइन ठीक झाल्याशिवाय ग्राहकाला फोन करायचा नाही, ही एक्स्चेंजची शिस्त. तसंही मुलीची खबर त्यांना बायकोकडूनच कळायची.

देवकाबाई रुसल्या त्याला कारण होतं. तपासायला लाइनी उरल्या नाहीत म्हणून रूपरावांनी घर तपासायला घेतलं. वरण पातळ. नळ टपकतो. बायको घोरते. सगळं तारखेनिशी वहीत.

“मी काई तुमची लाइन नाई,” असं म्हणून त्यांनी पिशवी भरली होती.

आता त्या रोज दुपारी लाइनीवर होत्या.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा. दुसऱ्यात शब्द पाण्यावर तरंगत यायचे, मधलाच एखादा बुडायचा. रूपराव डोळे मिटून ऐकत. जिनिंगकडून उडालेला कापसाचा पुंजका खिडकीतून आत येई आणि कुठे बसावं ते न ठरल्यासारखा खोलीभर फिरे. अशा वेळी बायको आष्टीत आहे की शेजारच्या खोलीत, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं.

“मालगाडी गेली नं आता?” एकदा देवकाबाईंनी विचारलं.

“तुले आयकू आली?”

“आली. लांब होती. डबे मोजता आले नाई.”

“घरघर कमी,” रूपरावांनी लिहिलं. थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं.

घरी ये, एवढंच म्हणायचं होतं. पण टेस्टिंगच्या लाइनीवर खाजगी बोलायचं नाही, हाही नियमच. बत्तीस वर्षं पाळलेला. आणि टेस्टिंग संपली की बोलायलाच काही उरणार नव्हतं, हेही त्यांना कळत होतं.

चौथं सॉफ्टवेअर चांगलं निघालं. इको नाही, घरघर नाही. देवकाबाई जेवणाबद्दल विचारत होत्या आणि मागे पारवे घुमत होते, तेही स्वच्छ.

“काय जेवले?”

“भात.”

“नुसता?”

“वरण होतं. पातळ झालं.”

तिकडून हसू आलं की लाइनीतली खरखर, ते त्यांनी ठरवलं नाही.

“किती मार्क मंग याले?” देवकाबाईंनी विचारलं.

“नापास. आवाज उशिरा येते.”

“हाव, मलेही वाटलं तसंच,” त्या म्हणाल्या. “घाई काऊन करता? नीट पाहा.”

पाचवं नापास झालं. सहावंही. बत्तीस वर्षांत ज्या माणसानं एकही खोटा शेरा मारला नव्हता, त्यानं पंधरा दिवसांत तीन मारले.

सातव्यात देवकाबाईंचा श्वाससुद्धा ऐकू आला. बोलायच्या आधी त्या किंचित थांबतात, हे इतक्या वर्षांत रूपरावांच्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

“मंग?” देवकाबाईंनी विचारलं. “यातही खोट असन काई.”

रूपरावांनी वहीकडे पाहिलं. तिकडे पोरगी वाट पाहत असेल. आईशी बोलल्याशिवाय तिचे पंधरा दिवस गेले, ते आपल्या खोट्या शेऱ्यांमुळे. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“पास,” ते म्हणाले. “धापैकी धा.”

तिकडून आधी नुसता श्वास ऐकू आला.

“धुंडले तं अजून सापडतीन,” देवकाबाई हळूच म्हणाल्या. “फुकटातले.”

“कायले? याच्याहून साफ लाइन मी नोकरीतही नाई पाह्यली.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “झालं मंग. ठेवते.”

रूपरावांनी हेडफोन काढले. पुंजका टेबलावर उतरला, त्यांनी फुंकर मारली, तो पुन्हा उडाला. बराच वेळ ते त्याच्याकडे पाहत बसले. मग वहीत शेरा लिहिला, खाली सही केली. आता ग्राहकाला कळवायला हरकत नव्हती.

त्यांनी मोबाइलवरून अंकिताला फोन लावला. एंगेज. दहा मिनिटांनी पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा मात्र पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“बाबा? तुम्ही? तब्येत बरी आहे ना?”

“बरी हाय. आयक, सात नंबर घे. आवाज साफ, इको नाई. उद्यापासून आईशी बोलता येईन तुले.”

“सात नंबर काय? मी आईशी बोलतेच की रोज. मोबाइलवर.”

“तुया कंपनीत मोबाइल चालत नाई नं? तूच तं सांगतलं आईले, सॉफ्टवेअर पाहून ठेवा म्हणून.”

“मी? मी काहीच नाही सांगितलं, बाबा.” अंकिता म्हणाली. “आत्ता तिचाच फोन होता. नुसती रडत होती. म्हणे, तुझ्या बाबानं पास करून टाकलं. काय पास केलं तुम्ही?”