आवाजाची चाचणी

"कॅमेरा त्या टोकाला नेऊ या," कानसेन म्हणाला. "इथे फार गोंगाट आहे."

कॅमेरावाला त्याच्याकडे बघतच राहिला. अ‍ॅनिमेवेड्यांच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या चाहत्यांच्या, संमेलनात शांत कोपरा शोधायचा म्हणजे भरल्या बाजारात झोपायला जागा शोधण्यातला प्रकार. "आज काय झालंय तुला? सकाळपासून चोरासारखा वागतोयस."

"कुठे काय?"

पण त्याची नजर तिकीट खिडकीशेजारच्या खांबावर होती. तिथे एक माणूस पाठमोरा उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टक्कल, हातात छत्री. बाबाच.

तिघांचं मिळून एक छोटं चॅनल होतं. कॅमेरावाला चित्र टिपायचा, पोपट प्रश्न विचारायचा आणि कानसेन आवाज सांभाळायचा. निळे केस लावलेले, शेपट्या लावलेले, लाकडी तलवारी घेतलेले लोक गाठायचे, त्यांना बोलतं करायचं, त्यांच्यासोबत आणि कधी त्यांच्यावर हसायचं. बाबांना हा सगळा पोरखेळ वाटे. "सोंगाड्यांच्या मागे माइक घेऊन पळणं, याला काम म्हणतात होय?" असं ते एकदा म्हणाले, आणि कानसेनही बोलून गेला, "जन्मभर गोदामात माल बांधणाऱ्याला काय कळणार?" तेव्हापासून बापलेकांचं बोलणं आईमार्फत चाले.

मध्यंतरी आईचा फोन आला होता. "बाबा म्हणतायत, एकदा तुझं काम बघायला यायचंय."

कानसेनला पुढचं चित्र दिसलं. इस्त्रीच्या शर्टातले बाबा येणार, भर गर्दीत नको ते विचारणार आणि पोपटाला महिनाभराची करमणूक मिळणार. "पोशाख केल्याशिवाय आत घेत नाहीत गं," त्याने ठोकून दिलं. "नियमच आहे तसा. तिकीट असलं तरी."

आणि आता बाबा आत होते, साध्या कपड्यांत. म्हणजे खोटं उघडं पडलं होतं. हेडफोनखाली त्याचे कान तापले. समोर जाऊन माफी मागावी, असं एकदा मनात आलं. पाय मात्र दुसऱ्या टोकाकडे वळले.

तिथे पोपटाला घबाडच सापडलं. भिंतीला टेकून एक रोबोट उभा होता. अंगावर पुठ्ठा, त्यावर चंदेरी कागद, सांधे सुतळीने आवळलेले. कोपरे मात्र दृष्ट लागावी इतके नेमके. डोक्यावरच्या खोक्याला डोळ्यांपुरती फट, आणि मनगटाला एक कापडी पिशवी.

"रोबोट आणि पिशवी!" पोपट कुजबुजला. "भाजी आणायला निघालाय बहुतेक. चला, आजचा हिरो मिळाला."

कानसेनने पुठ्ठ्याच्या छातीवर माइक लावला. रोबोट एकदम ताठ झाला. मग त्याचा हात हळूच वर आला, हेडफोनच्या दिशेने.

"हात लावू नका हां." कानसेन मागे सरला. "नाजूक असतात हे." मग नेहमीचं सुरू झालं. "आवाजाची चाचणी घेतो. काहीही बोला. सकाळी काय खाल्लंत?"

हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारायचा आणि उत्तर कुणाचंच ऐकायचा नाही. शब्दांशी त्याला देणंघेणं नव्हतं. यंत्रावरची हिरवी पट्टी नीट हलली की झालं. आज तर त्याने एका कानावरचा हेडफोन सरकवून ठेवला होता आणि मधूनमधून मान वळवून तो खांबाकडे बघत होता. खोक्यात काहीतरी घुमलं. पट्टी हलली.

"झकास. चला पुढे."

पोपट सरसावला. "रोबोटसाहेब, कोणत्या मालिकेतले आपण?"

रोबोटने मान हलवायचा प्रयत्न केला. सगळं धडच हललं.

"तेही माहीत नाही? मग आलात कशाला?"

"काम बघायला," खोक्यातून घोगरा आवाज आला.

"कुणाचं?"

खोकं जरासं बाजूला वळलं आणि तसंच राहिलं.

"अरेरे, बॅटरी गेली!" पोपट ओरडला. भोवतीची गर्दी खदखदा हसली. कानसेनही हसला, जरा जास्तच मोठ्याने. हसताना तेवढाच बाबांचा विसर पडत होता. रोबोटने माइक स्वतःच अलगद काढला, त्याच्या हातात ठेवला आणि गर्दीत दिसेनासा झाला.

हॉल रिकामा होऊ लागला तेव्हा खांबाजवळच्या माणसाने तोंड वळवलं. तो कुणी वेगळाच होता. पाठीला पंख लावलेली एक मुलगी "बाबा!" करत धावत आली. त्याने तिचे पंख सोडवले, काखेत मारले, आणि दोघं गप्पा मारत निघून गेले.

कानसेनला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. बाबा आलेच नव्हते. आपल्या थापेवर विश्वास ठेवून बिचारे घरी बसले असतील. खिशात आईचा फोन वाजत होता, तो त्याने उचलला नाही. काय सांगणार? उद्या घरी जायचं, कान धरायचे आणि खरं काय ते बोलून टाकायचं, असं त्याने ठरवलं.

इकडे रोबोटचा व्हिडिओ चॅनलवर टाकून झाला होता आणि लोक हसून लोळत होते.

"त्याचं मागचंपुढचं अजून काही असेल तर काढ," पोपट म्हणाला. "लोकांना आणखी हवाय तो."

कानसेनने हेडफोन चढवले, या वेळी दोन्ही कानांवर, आणि अगदी चाचणीपासून ऐकायला घेतलं. आधी त्याचा स्वतःचा प्रश्न आला. मग खोक्यातला आवाज आला. दबका होता, पण शब्द न् शब्द कळत होता.

"काही नाही खाल्लं रे अजून. तुझ्या आईनं दोघांचा डबा दिलाय."

"झकास," कानसेनचाच आवाज म्हणाला. "चला पुढे."