पूजापात्राचा हक्क

उत्खननात सापडलेल्या वस्तूचा उपयोग कळला नाही, की ‘पूजापात्र’ लिहून मोकळं व्हायचं, ही पुरातत्त्व खात्याची जुनी खोड. मृदुला राजोपाध्येनेही तेच लिहिलं आणि दोन गावं त्या मातीच्या भांड्यावरून हातघाईवर आली.

आज आमदारांनी भांड्यापुढे डोकं टेकवून फर्मावलं, “लावा ते जुने आवाज ऐकवणारं यंत्र! मातीत मुरलेला आवाजच सांगेल, हक्क कुणाचा.”

यंत्राने दोन हजार वर्षांपूर्वीच्या आईचं बोलणं मराठीत ऐकवलं, “बस रे सोन्या, झाली का शी?”

मृदुलाच्या घरची रोजची सकाळच ती!

“मॅडम, अहवाल बदलू नका,” आमदार कपाळ पुसत कुजबुजले.

“चूक माझी आहे, साहेब,” म्हणत तिने सगळ्यांदेखत ‘पूजापात्र’ खोडलं.

मागून एक आजी ओरडली, “आता हक्क ज्याला लागली त्याचा!”

दोन्ही गावं एकदमच हसली.