अर्धवट विषाणूचं विरजण

शेजारच्या मंदाकाकूंनी विरजण द्यावं तशी, रोपांच्या रोगावर उतारा म्हणून, अर्धवट विषाणू मुरलेली टोमॅटोची दोन पानं वाटीतून दिली होती. मृण्मयीने ती लेकीच्या, रेवूच्या, बाटलीसारखी आधी खळखळून उकळली, मग वाटून गच्चीवरच्या आजारी टोमॅटोंना चोळली. आठवडा उलटला तरी रोपं आखडलेलीच. रेवूच्या पहिल्या वाढदिवसाला घरच्या टोमॅटोचं सार होणार कसं?

“अगं, उकळलीस? मेला की तो!” गच्चीवर बघायला आलेल्या काकू हसत सुटल्या. “तो अर्धवट, लुळा बिचारा रोगाच्या विषाणूच्याच यंत्रावर बसून स्वतःच्या प्रती काढतो, रोगाला जागाच ठेवत नाही. पण हे कोपऱ्यातलं रोप कसं टवटवीत?”

मृण्मयीला आठवलं. उकळण्याआधी एक पान रेवूने मुठीत चुरगाळलं होतं आणि हात धुवायला तिला उचलेपर्यंत ती त्याच रोपाला धरून उभी होती.

मृण्मयीने त्या रोपाचं पान खुडून रेवूच्या मुठीत दिलं. “चला डॉक्टरीणबाई, आता सगळ्यांना धरा. तोंडात नाही हं घालायचं!”