कस्तुराच्या नावाचं रक्त

"कस्तुरा साहेबराव!" कंपाउंडरने आतून हाक मारली, तशी कस्तुराने सासूचा पदर घट्ट धरला.

"आत्याबाई, माझ्यानं न्हाई व्हायचं. सुई बघितली तरी पोटात गोळा येतोय."

कोपरापर्यंत गोंदून हिरवे झालेले तिचे हात लटलट कापत होते. तानुबाईंनी तिच्याकडचं कार्ड काढून घेतलं. "बस हितंच," म्हणाल्या, खांद्यावरची शाल सावरली आणि स्वतःच आत गेल्या.

कंपनीच्या त्या दवाखान्यात हे चालायचंच. कार्ड एकाचं, दुखणं दुसऱ्याचं. चिखलीच्या चाळीत एकाच कार्डावर तीन घरांनी खोकल्याचं औषध आणलेलं होतं. कार्डावर फोटो नाही आणि कंपाउंडरला मान वर करायला सवड नाही. "हात," तो म्हणाला. तानुबाईंनी डोईवरचा पदर पुढे ओढून हात दिला. नळी भरली, वर सुनेच्या नावाची चिठ्ठी चिकटली. थायरॉइडची तपासणी होती, म्हणून नळी मुंबईला जाणार होती. पंधरा दिवस लागतील म्हणाले.

"लई उपकार झाले, आत्याबाई," बाहेर कस्तुरा म्हणाली.

उपकार कसले डोंबलाचे! तानुबाईंच्या पोटात वेगळंच शिजत होतं. दोन महिने सुनेने एकच लकडा लावला होता, मला डॉक्टरकडे न्या. डॉक्टरांपुढे तिने पाढाच वाचला. अंगात त्राण नाही, चैत्रात थंडी वाजते, केस गळतात, बसल्या जागी डोळा लागतो. डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला, पापण्या पाहिल्या आणि म्हणाले, "दिसत तर नाही तसं. पण रक्त बघू."

दिसत नाही ना? मग सोंगच, असं तानुबाईंनी तिथेच ठरवून टाकलं. कामचुकार पोर. रिपोर्टात काही निघालं नाही तर तिला निघोज्याला माहेरी नेऊन घालायचं, हे त्यांनी लेकाकडून, साहेबरावाकडून, वदवून घेतलं होतं. आणि आता रिपोर्टात काही निघणारच नव्हतं. तानुबाईंचं अंग चाळीस वर्षं शेतात रगडलेलं. दवाखान्यात चल म्हणणाऱ्याला त्या फाडकन विचारायच्या, "मला काय धाड भरलीय?" सून पहिल्याच वर्षी हे ऐकून गप्प झाली होती.

घरी आल्यावर मात्र गणित बिघडलं.

त्याच संध्याकाळी कस्तुरा वाटीत तेल घेऊन आली आणि सासूच्या भेगाळलेल्या टाचा चोळत बसली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या हातातली कळशी काढून घेतली. एकदा तांदूळ निवडताना तानुबाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तांदूळ निवडून झाले होते, अंगावर गोधडी होती आणि सून मोरीत भांडी घासत होती.

तानुबाई तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. ही पोर खरंच आजारी असली तर? आपल्या रक्ताचा रिपोर्ट हिच्या नावावर येणार, हिला कुणी औषध देणार नाही. निघोज्याला भावजयीच्या हाताखाली झिजून मरेल बिचारी. आणि जाताना आपलेच उपकार मानून जाईल.

घास गोड लागेना. चोराच्या मनात चांदणं. शेजारच्या छबूबाईने सहज विचारलं, "सूनबाईचा रिपोर्ट आला का वो?" तर तानुबाईंच्या हातातला तांब्या सुटला. साहेबराव पहिली शिफ्ट करून आला की सांगून टाकू, असं त्या रोज ठरवायच्या. तो यायचा, चहा प्यायचा, आणि त्यांचा आधीच बसका आवाज घशातच राहायचा. कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांना स्वतःची किळस यायला लागली. दुधावरची साय त्या गुपचूप सुनेच्या भातावर घालू लागल्या.

"मला कशाला, आत्याबाई? तुमी खावा," म्हणत सून ती साय परत त्यांच्याच ताटात वाढायची. ते तर आणखीच लागायचं.

सोळाव्या दिवशी साहेबरावाने खाडा केला आणि तिघं डॉक्टरांपुढे जाऊन बसली. रिपोर्टात काही नाही असं डॉक्टरांनी म्हटलं, की तिथेच बोलायचं, एवढं तानुबाईंनी मनाशी बांधून आणलं होतं. डॉक्टरांनी पाकीट फोडलं. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बरं झालं तपासलं. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे. असंच अंगावर काढलं असतं, तर एक दिवस जिवावर बेतलं असतं." ते कस्तुराकडे बघून चिठ्ठी लिहू लागले. "रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. जन्मभर."

क्षणभर तानुबाईंना काही उमगेना. मग सुनेच्या तोंडात जाणारी ती गोळी डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी डॉक्टरांचा हातच धरला.

"लिहू नगा साहेब! हिला न्हाई द्यायची. ते रक्त माझं हाय. हिच्या कार्डावर मी हात दिला. रिपोर्ट कोरा यावा, ही खोटी पडावी, म्हनून केलं. पाप केलं मी."

"आई!" साहेबराव उठून उभा राहिला.

तानुबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते चांगलेच तापले होते.

"म्हणजे हिची तपासणी झालीच नाही! पंधरा दिवस फुकट गेले. हिचा त्रास तसाच." ते कस्तुराकडे वळले. "चल, आत्ताच्या आत्ता रक्त दे. सुईला घाबरायचं नाही."

कस्तुराने गोंदलेला हात पुढे केला. तो जराही कापत नव्हता. सासूच्या खांद्यावरून घसरलेली शाल तिने नीट केली.

"माझं कशाला, साहेब? मागल्या येळी सांगितलं ते दुखणंबी आत्याबाईंचंच व्हतं."