पंचवीस-वीसची गोळी

“लागनी म्हंजे लागनी!” दिलवरसिंग पुन्हा ओरडला. “थप्प आवाज मी सोता ऐकेल शे!”

नाल्याच्या वाळूत डुकराचे खूर स्वच्छ उमटले होते. रक्ताचा टिपूस नव्हता. हाक्याला आलेली माणसं वाकवाकून बघत होती आणि पोट धरधरून हसत होती. म्हाताऱ्या नथ्थूआबाने तर खुरातली वाळू चिमटीत घेऊन हुंगली. “शे ना, लागेल शे,” तो म्हणाला. “डुकरना शेपटीवरनी माशीले.”

दिलवरसिंगच्या अंगाचा तिळपापड झाला. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या त्या पट्ट्यात बाराबोरच्या बंदुकावाले चारसहा होते, पण रायफल एकट्या त्याची. जाता जाता कुणा गोऱ्या साहेबाने बापाला दिलेली. तिचं काडतूसही जगावेगळं, पंचवीस-वीस. करंगळीहून बारीक, आणि गोळी म्हणाल तर तुरीच्या दाण्याएवढी. अडुसष्ट साली जळगावच्या दुकानदाराने हात जोडले. हे बाहेरून यायचं बंद झालं, भाऊ, आता बाराबोर घ्या. तेव्हापासून बाराबोरवाल्यांना जोरच चढला होता. काय दिलवरभाऊ, चिमण्या मारायला निघालात?

टोमणे मारतील नाहीतर काय! त्यांना या गोळीचा गुण कुठे ठाऊक होता? ती जनावराला धाडकन आडवं करत नाही. गुपचूप आत शिरते. एवढंसं भोक, तेही कातडीच्या घडीत मिटून जातं. जनावर आपल्याच नादात चालत राहतं, आणि पुढे कुठेतरी बसतं ते बसतंच. दिलवरसिंगने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. सांगितलं की लोक हसायचे. म्हणून भुईमूग उकरणाऱ्या या डुकरासाठी त्याने शेवटचं उरलेलं काडतूस खर्ची घातलं. डूकर दाखवून एकदाची सगळ्यांची तोंडं बंद करायची होती.

आता तर त्यालाच घोडा व्हायचं होतं. बार फुकट गेला की घोडा, ही तिथली वाडवडिलांची रीत. ज्याच्या जवळून जनावर निसटलं, त्याला पाठुंगळी घेऊन गावात शिरायचं, तेही बायापोरांच्या देखत. आणि आज डूकर निसटलं होतं नेमकं कुवरसिंगजवळून. कुवरसिंग म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. जनावराला हाकाटी करून वळवायला तो बोराटीच्या जाळीत बसला होता, आणि डूकर जाळीला घासून पार झालं होतं.

“भाऊ, तुनी बंदुकना बार व्हयना का रे?” कुवरसिंग जाळीतून बाहेर येत म्हणाला. “माले वाटनं कोनी टाळी वाजाडी.”

पुन्हा हशा. कुवरसिंगच्या अंगभर ओरखडे होते. हातातले काटे उपटत, काळ्या सदऱ्यावरून बरगडी चोळत तो भावाच्या पाठीवर चढला आणि टाच मारून म्हणाला, “चाल रे घोडा!”

घोडा चालू लागला. मागून सगळी वरात. दिलवरसिंग दातओठ खात होता. “सकायले येस मी,” तो म्हणत होता. “डूकर मरेल सापडनं ना, तं एकेकले घोडा करसू!”

कुवरसिंगने वाटेत हाक्यातल्या अभिमनकडे त्याच्या पाण्याच्या भोपळ्यातलं पाणी मागितलं. थोड्या वेळाने पुन्हा मागितलं, आणि भोपळा रिकामा केला. अभिमन म्हणाला, “घोडा पळस आन् तहान स्वारले!”

“भाऊ,” कुवरसिंग कानाशी हळूच म्हणाला, “थंडी वाजस रे.”

“घोडावर बसीसन थंडी वाजस व्हय?” दिलवरसिंग खेकसला. “गप बस.”

कुवरसिंग गप बसला. त्याची हनुवटी भावाच्या खांद्यावर टेकली. झोपला वाटतं बेटा, दिलवरसिंगच्या मनात आलं, आणि त्याचा राग निम्मा उतरला. लहानपणी चोपड्याच्या बाजारातून येताना हा असाच पाठीवर झोपायचा. दिलवरसिंगने त्याला जरा वर सरकवून नीट घेतलं. आता तो धक्का न देता, सावकाश चालू लागला.

वेशीपाशी बायका जमल्या होत्या. पुढे कुवरसिंगची बायको जमना, तोंडाला पदर लावून हसत होती.

“उतर आते, राजा,” दिलवरसिंग म्हणाला आणि गुडघ्यात वाकला.

कुवरसिंग पाठीवरून घसरला तो सरळ धुळीत आडवा झाला. लोक आणखीच हसले. याची नाटकं काय कमी होती! जमनाही हसली. “उठा आते, पुरे व्हयनं,” म्हणत तिने त्याचा दंड ओढला. दंड गार होता. तिने घाबरून सदऱ्याच्या गुंड्या तोडल्या.

बरगडीखाली एक भोक होतं. तुरीच्या दाण्याएवढं. त्याच्याभोवती रक्ताची बारीकशी रेघ केव्हाच सुकली होती.

नथ्थूआबाने कुवरसिंगच्या नाकाशी हात धरला. मग डोक्यावरची टोपी काढली. जमना किंचाळली.

दिलवरसिंग भावाशेजारी धुळीत बसला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

“नही लागनी,” तो म्हणाला. “चुकनी मनी गोळी. आबा, तुम्हीच म्हनात ना, माशीले लागनी? हासा ना रे… बठ्ठा जन हासा ना!”