उखाण्यातले दिगंबरराव

हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांनी कुंदाताईंना घेरलं. "तुम्ही नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही हं, ताई!"

कॉलनीतल्या प्रत्येक नव्या नवरीला उखाणा रचून द्यायच्या त्या कुंदाताईच. चांदीचं ताट, सोन्याची समई, मोगऱ्याचा गजरा आणि शेवटी नवऱ्याचं नाव. मागणी वाढत गेली, त्यांचं मन मात्र त्यातून उडालं. शाळेत त्या मास्तरांवर वात्रट यमकं जुळवायच्या, छड्या खायच्या आणि वर खिदळायच्या. ते खिदळणं कधीच मागे पडलं होतं.

"चांदीच्या ताटात..." त्यांनी सुरुवात केली आणि त्यांनाच जांभई आली. मग पदर खोचून त्या ठसक्यात म्हणाल्या,

"चष्मा चढवून डोक्यावर धुंडाळतात सारं गाव,
घोरून हलवतात भिंती, असे आमचे दिगंबरराव!"

सगळ्यांच्या नजरा सासूबाईंकडे वळल्या. कुंदाताईंना मात्र शाळेतल्यासारखं हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना.

सासूबाईंनी तिळगुळाची वाटी खाली ठेवली.

"घोरणं बापाचंच उचललंय त्यानं," त्या म्हणाल्या. "सरक बाजूला. आता मी नाव घेते."